दुखण्यावाचून हैदराबाद

खेड्यातील माणसास मोठे शहर ठाऊक नसते, असा शहरवासीयांचा समज आहे. तो खरा नाही. खेडूत शहर पाहतो. पण ते दवाखान्याच्या दाराने, कचेरीच्या दाराने, नाही तर मजुरीच्या नाक्यावरून. घरात कोणी अंथरुणास खिळले, जमिनीचा दावा वरच्या कोर्टात गेला, किंवा पीक बुडून हात रिकामे झाले, म्हणजे तो शहराची वाट धरतो. अशा वेळी शहर त्याच्या डोळ्यांपुढे असते. परंतु ते पाहण्याइतके त्याचे मन थाऱ्यावर नसते. परत आल्यावर त्यास विचारावे, "शहर कसे आहे?" तर तो एवढेच म्हणतो, "फार खर्चाचे आहे."

म्हणून या खेपेस दुखणे नसताना, दावा नसताना आणि उपासमारही नसताना, केवळ पाहण्यासाठी म्हणून, तामसीकडील काही कुटुंबांसह आम्ही दोन दिवस हैदराबादेस जाऊन आलो. त्या प्रवासाची हकीकत आमच्या वाचक-कुटुंबांस उपयोगी पडेल, या हेतूने येथे देत आहो.

तामसी हे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील गाव. महाराष्ट्राची सीमा जवळच आहे. काळी जमीन, कापूस, तूर आणि ज्वारी. कित्येक घरांत बोलणे मराठीत, शाळा तेलुगूत, बाजारातील व्यवहार हिंदी-उर्दूच्या मिश्रणात, आणि जवळच्या वस्त्यांवर गोंडी. वडीलधारी मंडळी या मुलखास अजून कधी कधी 'मोगलाई' म्हणतात, आणि ते साहजिक आहे. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते, आणि त्या राज्याची राजधानी हैदराबाद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. नकाशावर रेघ पडली, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. आजही या बाजूस एखाद्या घरची सून किनवटची असते आणि लेक पांढरकवड्याकडे दिलेली असते.

जानेवारीचा महिना होता. कापसाची मोठी वेचणी आटोपली होती. आदिलाबादेकडील थंडी साऱ्या तेलंगणात प्रसिद्ध आहे. पहाटे शेकोटीवाचून अंगणात उभे राहवत नाही. हैदराबादेस मात्र त्या दिवसांत हवा अशी असते की दुपारभर पायी हिंडले तरी माणूस थकत नाही. उन्हाळ्यात लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन त्या शहरात फिरणे म्हणजे हाल. पावसाळ्यात शेत सोडवत नाही. तेव्हा कुटुंबाने जायचे तर हिवाळ्यातील शनिवार-रविवारच गाठावा.

आमच्यासह एकंदर अकरा माणसे होती. त्यांपैकी तिघांविषयी सांगणे अवश्य आहे. एक सत्तरी गाठलेली आजी. पंधरा वर्षांपूर्वी तिचे धनी हैदराबादेतील एका मोठ्या रुग्णालयात वारले. एकोणीस दिवस ती तेथील जिन्याखाली बसून होती. त्यानंतर तिने त्या शहराचे नाव टाकले होते. "म्या काय हैदराबाद पाह्यलं, फादर? दवाखान्याचा जिना पाह्यला," असे ती म्हणे. दुसरा तिचा मुलगा, चार एकरांचा शेतकरी. सलग दोन वर्षे कापसाने त्यास हात दिला नव्हता. शहरातील एका इमारतीवर पहारेकऱ्याची नोकरी मिळवून देतो, असे एका ठेकेदाराने त्यास सांगितले होते, आणि उचल देण्याचीही तयारी दाखविली होती. तिसरी त्याची मुलगी, दहावीत शिकणारी. तिला पुढे परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. पण "पोरीला शहरात ठेवायचं नाही," हा बापाचा शब्द पक्का होता. ज्या शहरात तो स्वतः बायकामुलांसह जाण्याचा विचार करीत होता, तेथे शिकण्यासाठी मात्र मुलीने जाऊ नये, ही विसंगती त्याच्या ध्यानात आलेली नव्हती. आम्हीही ती बोलून दाखविली नाही. त्याने शहर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढेच आम्हांस वाटले.

शुक्रवारी दुपारी आदिलाबादेहून एस. टी. ने निघालो. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील रहिवासी स्त्रियांस साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांतून प्रवास विनामूल्य आहे. आधार पत्र दाखविले की कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. आमच्या सोबत किनवटची एक मावशी होती, तिला मात्र पूर्ण भाडे पडले. कारण ती महाराष्ट्राची. तिकडे मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट असते. "इकडं पुरं, तिकडं अर्धं, अन् माझ्या भैनीला फुकट! एकाच आईच्या लेकी आम्ही," असे ती म्हणाली, तेव्हा सारी गाडी हसली.

रस्ता म्हणजे नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. आदिलाबाद ते हैदराबाद हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर भरते. वाटेत घाट आणि सागाचे रान लागते. पुढे निर्मल हे गाव येते. तेथील हलक्या लाकडाची रंगीत खेळणी देशभर नावाजलेली आहेत. मग गोदावरी ओलांडावी लागते. पुलावर गाडी आली, तेव्हा आजीने खिडकीतून हात जोडले. मागच्या वेळी ही नदी लागली होती की नाही, हे तिला आठवत नव्हते. मुक्काम ओळखीच्या एका शाळेच्या सभागृहात होता. सतरंज्या आणि घोंगड्या आम्ही घरूनच नेल्या होत्या.

शनिवारी सकाळी प्रथम सालारजंग संग्रहालय पाहिले. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांनी उभ्या आयुष्यात जमविलेल्या वस्तूंचा हा ठेवा आहे. ते १९४९ साली निवर्तले. १६ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्या वाड्यात हे संग्रहालय लोकांस खुले झाले, आणि १९६८ साली मुसी नदीच्या काठावरील आजच्या इमारतीत आले. शुक्रवारी ते बंद असते, हे ध्यानात ठेवावे. दालने इतकी आहेत की सर्व पाहू म्हणणाऱ्याचे काहीच पाहून होत नाही. आम्ही तीन वस्तू ठरविल्या होत्या, आणि त्याच निवांतपणे पाहिल्या.

पहिली, बुरख्यातील रिबकेची मूर्ती. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची ही कृती पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली आणली. इसहाकास दुरून पाहताच रिबकेने तोंडावर पदर घेतला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील हकीकत आमच्या घरांतून ठाऊक आहे. चेहरा आणि त्यावरचे झिरझिरीत वस्त्र ही दोन्ही एकाच संगमरवरातून कोरलेली आहेत, यावर प्रथम कोणाचा विश्वास बसला नाही. आमच्यातील एक गवंडी बराच वेळ वाकून पाहत होता. तो म्हणाला, "दगड हाय, फादर. पण हात माणसाचा नाही वाटत."

दुसरी, लाकडाची दुहेरी मूर्ती. समोरून पाहावे तर ताठ मानेचा मेफिस्टोफिलीस, म्हणजे फाउस्ट नावाच्या पंडिताचा आत्मा विकत घेणारा सैतान. मागे लावलेल्या आरशात पाहावे तर त्याच लाकडातून कोरलेली, मान खाली घातलेली मार्गारेट ही सालस मुलगी. तिच्यावर प्रवचन देण्याची गरज पडली नाही. मुलांनी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या आणि जे समजायचे ते समजून घेतले.

तिसरी, ते प्रसिद्ध घड्याळ. तास भरत आला की एक चिमुकला दाढीवाला पुतळा दार उघडून येतो आणि जितके वाजले असतील तितके ठोके देऊन परत जातो. बारा वाजता ठोके सर्वांत अधिक. म्हणून त्या वेळी तेथे मोठी गर्दी असते. शेकडो माणसे बाकांवर बसून एका बाहुल्याची वाट पाहत होती. त्यांत पागोटेवाले होते, टोपीवाले होते, परदेशी पाहुणेही होते. बाहुला आला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर एकच हसू उमटले.

संग्रहालयातून बाहेर पडून पूल ओलांडला की मुसीच्या पलीकडील काठावर उस्मानिया रुग्णालय आहे. तिकडे वळावे की नाही, याविषयी आमच्या मनात संकोच होता. परंतु आजीनेच विचारले, "ते झाड हितंच हाय ना?" झाडाची गोष्ट आम्ही गाडीत सांगितली होती. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे बुडाली. त्या रात्री नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला. ते झाड रुग्णालयाच्या आवारात अद्याप उभे आहे. पुढे असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने शहराच्या वरच्या अंगास धरणे बांधण्याचे ठरले. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. या दोन्ही तलावांनी नंतर शहरास पिण्याचे पाणीही पुरविले.

आजी त्या झाडाखाली बसली. तिचे धनी ज्या रुग्णालयात गेले ते हे नव्हे. तरी आवारातील गर्दी तीच होती. भिंतीच्या कडेला डबे उघडून बसलेले नातेवाईक, हातात कागद घेऊन या खिडकीहून त्या खिडकीकडे जाणारी माणसे, पायरीवर झोपलेले मूल. एक बाई हातातील चिठ्ठी पुढे करून येणाऱ्याजाणाऱ्यास काही विचारीत होती. ती मराठी बोलत होती, आणि कोणास तिचे बोलणे समजत नव्हते. आमची दहावीतील मुलगी उठून तिच्याकडे गेली. चिठ्ठीवरील खोलीचा क्रमांक तिने वाचला, तेलुगूत एका शिपायास विचारले, आणि त्या बाईस दारापर्यंत पोहोचवून परत आली. या सगळ्यास पाच मिनिटेही लागली नसतील.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवा मला असं वाचून सांगणारं कोणी नव्हतं. डाक्टर काय म्हणाले, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यायनं काही तरी सांगितलं, अन् म्या मान हलवली." मुलगा जवळच उभा होता. तो तेव्हा गावी शेत सांभाळीत होता. पंधरा वर्षांत आईने ही गोष्ट त्यास सांगितली नव्हती.

तेथून चारमिनारपर्यंत पायी गेलो. महंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली हे शहर वसविले, आणि त्याच्या मध्यभागी ही वास्तू उभी केली. चार दिशांस चार कमानी आणि चार कोपऱ्यांस चार मिनार. कमानींवरील घड्याळे मात्र १८८९ सालची आहेत. अरुंद, वळणाच्या जिन्याने वरच्या सज्जापर्यंत जाता येते. तेथून एकीकडे १६९४ साली पूर्ण झालेली मक्का मशीद दिसते, आणि दुसरीकडे लाखेच्या बांगड्यांचा लाडबाजार. मावशीने तेथे घासाघीस करून बांगड्या घेतल्या. उस्मानिया बिस्किटे आणि इराणी चहा घेतल्यावाचून हा भाग सोडू नये. चहा आमच्या सवयीपेक्षा गोड आणि दाट असतो. आजीने तो बशीत ओतून प्यायला, आणि दुकानदाराने न मागता आणखी अर्धा कप दिला.

रविवारी सकाळी गनफाउंड्री भागातील संत जोसेफ कथीड्रलमध्ये मिस्सास हजर राहिलो. १८७० साली पायाभरणी होऊन १८७५ साली उभी राहिलेली ही वास्तू आजही भरलेली असते. मिस्सा तेलुगूत होता. आजीस शब्द समजले नाहीत. पण कोठे उठावे, कोठे गुडघे टेकावेत, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला यांस २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कार्डिनल केले. दलित समाजातून त्या पदास पोहोचलेले ते पहिले धर्मगुरू. आंध्रातील कर्नूलकडच्या एका खेड्यात ते जन्मले. ही माहिती मुलांस सांगितली, तेव्हा त्यांपैकी एकाने विचारले, "त्यांच्या गावात शाळा होती का?" शाळा ही मुलांच्या मनात किती मोठी गोष्ट आहे, हे त्या प्रश्नावरून कळले.

तेथून गोवळकोंड्यास गेलो. किल्ल्यासाठी प्रत्येकी पंचवीस रुपयांचे तिकीट आहे; पंधरा वर्षांखालील मुलांस ते लागत नाही. दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजविली तर ती वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते; शत्रू आल्याची वर्दी देण्याची ही युक्ती. मुलांनी दोन तुकड्या करून तिची परीक्षा घेतली. एक तुकडी खाली, दुसरी साडेतीनशेहून अधिक पायऱ्या चढून बालाहिसारावर. टाळी पोहोचली, आणि वरून आनंदाची आरोळी आली. ती मात्र खाली नीट ऐकू आली नाही. आमच्या शेतकऱ्यास दुसऱ्याच गोष्टीचे अप्रूप वाटले. पूर्वी येथे रहाटगाडग्यांनी पाणी एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात असे टप्प्याटप्प्याने चढवीत आणि मातीच्या नळांतून वर महालापर्यंत नेत. तो म्हणाला, "राजाच्या टेकडीवर पाणी चढलं, अन् आमच्या सपाट वावरात येत नाही."

या किल्ल्यात मराठी मनास ओळखीच्या आणखी खुणा आहेत. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज या शहरात आले होते, आणि त्यांनी अबुल हसन कुतुबशहाची भेट घेतली. त्याच तानाशहाच्या कारकिर्दीत भद्राचलमचे मंदिर बांधणारा गोपन्ना, म्हणजे तेलुगू लोकांचा भक्त रामदास, येथील कोठडीत होता. १६८७ साली औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला. शेवटी तोफांनी नव्हे, तर आतल्या माणसाने दार उघडल्याने किल्ला पडला.

शहरातही मराठी पाऊलखुणा पुष्कळ आहेत. १९२२ साली येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. १९३१ सालचे मराठी साहित्य संमेलन ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत कानांवर मराठी पडते. तामसीची मुले शहरात पाऊल टाकताच आपसांत कुजबुजत बोलू लागली होती. आपली भाषा येथे हसण्यावारी नेतील असे त्यांस वाटत होते. सुलतान बाजारात एका कापडदुकानदाराने "या, बसा, काय दाखवू?" असे स्वच्छ मराठीत विचारले, तेव्हापासून त्यांचे आवाज मोकळे झाले.

दुपारी हुसेनसागराच्या बांधावर बसून घरून आणलेल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. हा तलाव सोळाव्या शतकातील. तळ्यात मध्यभागी एकाच दगडातून घडविलेली बुद्धाची उंच मूर्ती आहे. १० मार्च १९९० रोजी ती नेत असताना तराफा कलंडला, मूर्ती तळाशी गेली आणि दहा माणसे प्राणास मुकली. १ डिसेंबर १९९२ रोजी ती वर काढून बसविण्यात आली. तळ्याजवळच १४ एप्रिल २०२३ रोजी अनावरण झालेला डॉ. आंबेडकरांचा १२५ फूट उंचीचा पुतळा आहे. आमच्यातील तरुण मंडळींनी तो आधीच आपल्या यादीत लिहून ठेवला होता.

बांधावर आमच्या शेजारी एक पहारेकरी सुटीच्या दिवशी बायकामुलांसह येऊन बसला होता. तो पालमूरकडचा, म्हणजे महबूबनगर जिल्ह्याचा. आमच्या शेतकऱ्याने मोडक्या तेलुगूत त्याच्याशी बोलणे काढले, आणि जेथे शब्द अडला तेथे मुलीने पुरविला. त्या गृहस्थाने काही लपविले नाही. गाड्या ठेवण्याच्या तळमजल्यावर एक खोली मिळते. पगार महिन्याच्या महिन्यास येतो. तो दुष्काळावर अवलंबून नसतो. मुले शाळेत जातात. बायको त्याच इमारतीतील चार घरची भांडी करते. पण रात्रीची झोप सलग नाही. फाटकावर भोंगा वाजला की उठावे लागते. गावी तीन एकर पडीक पडले आहे. "उचल घेतली का?" या प्रश्नावर तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "घेतली होती. ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता आले नाही." शेवटी तो एवढेच म्हणाला, की येथे सात वर्षे झाली, पण इमारतीत त्याचे नाव कोणास ठाऊक नाही, सारे 'वॉचमन' म्हणून हाक मारतात.

शहर वाईट आहे असे त्याने म्हटले नाही, आणि चांगले आहे असेही म्हटले नाही. त्याने हिशेब सांगितला. खेड्यातील माणसास ठेकेदाराच्या तोंडून हा हिशेब कधी ऐकावयास मिळत नाही.

सायंकाळी नामपल्लीच्या मैदानावरील 'नुमाइश' पाहिली. १९३८ साली सुरू झालेले आणि १९४६ पासून याच मैदानावर भरणारे हे औद्योगिक प्रदर्शन दर वर्षी १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात असते. सुमारे दोन हजार दुकाने, काश्मीरच्या शाली, लखनौचे भरतकाम, लोणची, खेळणी, आकाशपाळणे. ज्या संस्थेच्या वतीने हे भरते, ती आपल्या उत्पन्नातून शाळा-महाविद्यालये चालविते. त्यांत मुलींची महाविद्यालयेही आहेत. हे ऐकून आमची दहावीतील मुलगी काही बोलली नाही. बापाकडे पाहून पुढे चालू लागली. आजीने स्वतःसाठी काही घेतले नाही. घरी राहिलेल्या नातवासाठी तिने एक पत्र्याची शिटी घेतली.

मग मेट्रोने सिकंदराबाद गाठले. अमीरपेठ येथे गाडी बदलावी लागते. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही गाडी घरांच्या गच्च्यांच्या उंचीवरून धावते. दिव्यांनी भरलेले शहर खालून सरकत होते, आणि आजी काचेस कपाळ टेकून उभी होती. "लई मोठं हाय," असे ती म्हणाली. "त्या टायमाला मला हे काहीच दिसलं नव्हतं."

परतीस रात्रीची कृष्णा एक्स्प्रेस धरली. तिचा मार्ग गमतीचा आहे. तेलंगणाच्या राजधानीहून तेलंगणाच्याच आदिलाबादेस जाणारी ही गाडी निजामाबाद, बासर करीत महाराष्ट्रात शिरते. मुदखेड, भोकर, किनवट अशी फिरून पुन्हा तेलंगणात येते. किनवटची मावशी पहाटे आपल्या स्थानकावर उतरली. सोमवारी सकाळी आदिलाबादेच्या फलाटावर उतरलो, तेव्हा थंडीने दात वाजत होते.

या प्रवासाने सर्व प्रश्न सुटले, असे आम्ही म्हणत नाही. कापसाचा भाव वाढला नाही, आणि विहिरीचे पाणीही वाढले नाही. परंतु त्या शेतकऱ्याने ठेकेदाराची उचल घेतली नाही. जायचेच झाले तर स्वतः जाऊन, जागा पाहून, पगार ठरवून जाईन, आणि तेही मुलीची परीक्षा झाल्यावर, असे त्याने सांगितले. मुलीच्या पुढील शिक्षणाविषयी घरात बोलणे चालू आहे. बापाचा नकार पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही, आणि त्यास कारण आम्ही नव्हे, तर आजी आहे. चिंचेखाली पाहिलेली ती गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्यास सांगते, सांगताना शेवटी नेहमी म्हणते, "आपल्या घरात एक तरी वाचणारं, बोलणारं पायजे. दवाखाना काय, कचेरी काय, तिथं मान हलवून भागत नाही."

आमच्या वाचक-कुटुंबांस आमची विनंती अशी. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, हातात चार पैसे असताना, आपल्या जवळच्या मोठ्या शहरास दोन दिवस जावे. ते हैदराबादच असावे असे नाही; कोणास नागपूर जवळ पडेल, कोणास औरंगाबादचे नवे नाव धारण केलेले छत्रपती संभाजीनगर, कोणास पुणे किंवा मुंबई. जाताना चार गोष्टी पाळाव्यात. एक, भाकरी आणि पांघरूण घरून न्यावे; त्याने निम्मा खर्च वाचतो. दोन, दिवसाला दोन-तीन ठिकाणांहून अधिक ठरवू नयेत, आणि ती कोणत्या वारी बंद असतात हे आधी विचारून घ्यावे. तीन, म्हाताऱ्यांस घरी ठेवू नये. त्यांच्यासाठी चाल मंद ठेवावी. चार, पाट्या वाचण्याचे, वाट विचारण्याचे आणि तिकीट काढण्याचे काम मुलांवर, विशेषतः मुलींवर सोपवावे. मोठ्यांनी मागे राहून पाहावे.

कारण दवाखान्याची वेळ कोणत्या घरास चुकली आहे? ती येईल, तेव्हा त्या शहराचा रस्ता, त्याची भाषा आणि त्याची दारे घरातील एखाद्या माणसास आधीच ठाऊक असतील, तर संकटाचे निम्मे ओझे हलके होईल. आणि ती वेळ लवकर न आली, तर दोन दिवसांचा आनंद तरी पदरी पडेल. तामसीच्या त्या घरी सध्या पत्र्याची शिटी वाजते आहे; नातू ती खाली ठेवीत नाही, आणि आजी त्यास रागे भरत नाही.